एक माड चुकवून

खाजणदांड्याच्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा, "आज मासे खय गावले?" तो अगदी मोकळ्या मनाने जागा सांगेल. हात लांब करून दाखवेल, खुणा सांगेल, वर "फाल्यां तू पण ये" असं उद्याचं आमंत्रणही देईल. आणि ती जागा एक माड चुकवून असेल.

गावात याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. समुद्रात पाट्या नसतात. जागा लक्षात ठेवायची ती किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणून. अमक्या माडाच्या शेंड्यावर तमक्या देवळाचा कळस दिसला की होडी थांबवायची. कुणी विचारलं तर त्या माडाऐवजी शेजारचा माड सांगायचा, बस. ऐकणाऱ्यालाही हे माहीत असतं. फक्त डावीकडचा शेजारी की उजवीकडचा, हे त्याला माहीत नसतं!

हे जुन्या काळचं असेल असं वाटलं ना? छे. गोष्ट २०४१च्या डिसेंबरातली आहे. होड्या बॅटरीवर चालत होत्या, जाळ्यांना सेन्सर होते, पण उलट त्यामुळेच माडांचा भाव वाढला होता. मोबाइलवर जागा टाकली की ती जगाची झाली. माड मात्र कुणाला चुगली करत नाहीत.

अशा गावात, त्यातही मेतरांच्या घरात उल्का जन्मली, आणि नेमका तिलाच नाद लागला खरी जागा शोधायचा.

उल्का दहावीत होती. वर्षभरापूर्वीपर्यंत ती वर्गात हात वर करायची आणि सरांनी नाव घेतलं की आवाज घशातच बसायचा. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "उल्का पडली!" सुट्टीत हर्षाताई टिकम यांच्या डायव्हिंग शाळेत ती गेली ते खरं तर याच कारणाने. पाण्याखाली कुणाला बोलावंच लागत नाही, हे तिने भिंतीवरच्या फलकावर वाचलं होतं. तोंडात रेग्युलेटर, डोळ्यांवर मास्क, बोटांच्या चार खुणा. संपला विषय. पहिल्याच दिवशी पाच मीटरवर गुडघे टेकून बसली असताना एक इवलासा पट्टेरी मासा येऊन तिच्या मास्कमध्ये डोकावला, आणि ही बया रेग्युलेटरमध्ये इतकी हसली की हर्षाताईंना वाटलं पोरगी बुडते आहे.

त्या डिसेंबरात हर्षाताईंकडे कानटोपी आली.

कागदावर तिचं नाव ओळभर लांब होतं. एका प्रयोगशाळेने ती वापरून बघायला पाठवली होती. काळ्या रबराची, डोक्याला घट्ट बसणारी, हनुवटीखाली पट्टा. दिसायला हुबेहूब थंडीतली कानटोपी, त्यामुळे तेच नाव पडलं.

"आता नीट ऐक," हर्षाताई होडीत बसून म्हणाल्या. "हवेत मी तुला डावीकडून हाक मारली, तर आवाज तुझ्या डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. उशीर म्हणजे किती? सेकंदाचे हजार तुकडे कर, त्यातल्या एकाहूनही कमी. पण तेवढ्यावरून मेंदू ओळखतो, हाक कुठून आली."

"आणि पाण्यात?"

"पाण्यात आवाज जवळजवळ साडेचार पट वेगाने पळतो. दोन्ही कानांना एकदमच पोचल्यासारखा वाटतो. मेंदू गोंधळतो. म्हणून खाली होडीचं इंजिन ऐकू येतं, पण कुठून ते कळत नाही. सगळीकडून येतंय असंच वाटतं."

"हो! परवा मी वर बघत राहिले, तर होडी मागेच!"

"तर ही टोपी काय करते, तिच्यावर बारीक बारीक आठ कान आहेत. ती आवाजातला तो चिमुकला उशीर पकडते, साडेचार पट ताणते, आणि तुझ्या कानामागच्या हाडाला थरथरून कळवते. कानाच्या पडद्याचं कामच नाही, हाडातून थेट आत. मेंदूला वाटतं, अरे, हे तर आपलं नेहमीचं! वर तुझ्या स्वतःच्या बुडबुड्यांचा गोंगाट ती वजा करून टाकते."

उल्काने टोपी चढवली, पाठीमागे झोकून दिलं, आणि बारा मीटरवर गेल्यावर तिला समुद्र पहिल्यांदा ऐकू आला.

म्हणजे आधी काय तो नुसता खळखळाट होता. आता त्याला डावं-उजवं होतं! उजवीकडच्या खडकात नांग्या वाजवणारी बारीक कोळंबी चणे फुटाणे भाजल्यासारखी तडतडत होती. पाठीमागे कुठलासा मासा दात खात होता. आणि या सगळ्यांच्या पलीकडून, नैर्ऋत्येकडून, खूप लांबून, कुणीतरी ढोल वाजवत होतं. ढुब ढुब ढुब. थांबायचा, मग पुन्हा. एक नाही, पुष्कळ ढोल.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर दोघींनी टोपीचे आठ कान सुटे करून दोरीने होडीखाली सोडले आणि टोपीतून ऐकत आवाजाच्या मागे मागे निघाल्या. दर पाच मिनिटांनी थांबायचं, ऐकायचं, दिशा सुधारायची. अखेर आवाज अगदी पायाखालून यायला लागला. अठरा मीटर पाणी. दोघी उतरल्या.

आधी काहीच दिसलं नाही, हिरवट धुकं. मग धुक्यातून एक टेकाड वर आलं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं. उल्का जवळ गेली आणि तिने हात धरून ठेवला, स्वतःचाच. ती कौलं होती! घरावरची लाल कौलं, हजारो, एकावर एक उभी रचलेली. गलबताचं लाकूड किड्यांनी कधीच खाऊन टाकलं होतं. पण माल जसा भरला होता तसाच राहिला होता, त्यामुळे नसलेल्या गलबताचा आकार शाबूत होता. पुढची नाळ कळत होती, मागचा वरवा कळत होता. एका टोकाला शेवाळलेला नांगर. आणि कौला-कौलाच्या फटीत कुणी ना कुणी राहात होतं. मोठ्या झिंग्यांसारखे शेवंड मिशा हलवत होते, सापासारखी वाम तोंड उघडून बसली होती, आणि वरती, माणसाएवढ्या लांबीचे सोनेरी-करडे घोळ मासे संथपणे फेऱ्या मारत ढोल वाजवत होते. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून नर घोळ मादीला हाक मारतो. ही त्यांची लग्नाची जागा होती.

उल्काने वाळूतलं एक सुटं कौल उचललं. त्यावर बनवणाऱ्याचा शिक्का होता, अर्धा पुसलेला. हर्षाताईंनी बोट हलवलं. ठेव खाली. तिने ठेवलं. जिथलं होतं तिथेच, शिक्का वर करून.

वर आल्यावर तिने मास्क काढला, किनाऱ्याकडे पाहिलं, आणि माड दोनदा मोजले. वेताळाच्या देवळाचा कळस बरोबर वाकड्या माडाच्या शेंड्यावर होता. उत्तरेकडून मोजत आलं तर सहावा माड. आणि दक्षिणेला खडपाच्या, पाण्यात घुसलेल्या खडकांच्या शेंडीमागे दीपगृह.

"ताई," ती म्हणाली, "ही आमची जागा आहे. बाबांची. कौलारू."

*

"कोणाक सांगलंस?" बाबांनी पहिला प्रश्न हाच विचारला. रूपेश मेतर एरवी शांत माणूस. आता त्यांच्या हातातला चहाचा कप बशीत वाजत होता.

"कोणाला नाही. हर्षाताई होत्या, पण त्यांनी शप्पथ घेतली आहे."

"मोबाइल?"

"घरी होता."

बाबांनी श्वास सोडला. "आयक गो चेडवा, पोरी. तुज्या पणज्याक ती जागा गावली. जाळा अडकला, फाटला, त्येच्यात कौल इला. तेवापासून आमी थय जाळा टाकणव नाय, फकस्त गळ. वरसाक चार-पाच घोळी. तेंच्या पोटातली पिशवी सोन्याच्या भावान जाता, तेच्यार आमचा घर चलता. तू खाली जा, बघ, नाच. पण जागा सांगूची नाय."

"नाही सांगणार," उल्का म्हणाली. आणि एवढ्या मोठ्या गुपिताची भागीदार झाल्यामुळे ती दोन इंच उंच झाली.

मग काय विचारता! दर रविवारी कौलारू. अभ्यासाच्या वहीच्या मागच्या पानांवर गलबताचा नकाशा वाढायला लागला. कौलांच्या रांगा मोजल्या, नांगराची लांबी मापली, कोणता शेवंड कुठल्या रांगेत राहतो ते लिहिलं. एका मिशीतुटक्या शेवंडाचं नाव तिने वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराच्या नावावरून ठेवलं. सर वर्गात विचारायचे, "ध्वनीचा वेग माध्यमावर कसा अवलंबून असतो?" आणि उल्काचा हात वर, आवाज खणखणीत, उत्तर संपता संपेना. "उल्का, बस आता," असं सरांना म्हणावं लागायचं. आई बर्फाच्या कारखान्यातून पाळी संपवून यायची आणि म्हणायची, "धाव्वीची परीक्षा पाण्याखाली असा काय गो?"

आजो मात्र यातलं काही ऐकत नव्हता. अनंत मेतर, बाबांचे वडील, वय वर्षं एक्क्याऐंशी. तरुणपणी त्याच्याइतका कान गावात कुणाचा नव्हता. संध्याकाळी होडी थांबवायचा, वल्हं पाण्यात उभं धरायचा, दुसरं टोक दातात पकडायचा, आणि डोळे मिटून सांगायचा, "घोळ हय असा." आता त्याला ताट पडलेलंही ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून त्याने ते तपकिरीच्या डबीत ठेवून दिलं होतं.

*

गुरुवारी शाळेच्या सभागृहात सभा होती. खाडीचं तोंड गाळाने भरलं होतं. होड्यांना आत यायला भरतीची वाट बघत ताटकळावं लागायचं. दोन वर्षं गाव अर्ज करत होतं, आणि आता अखेर गाळ उपसायला कंपनी आली होती. कंपनीच्या इंजिनिअर सोहनीमॅडम यांनी भिंतीवर नकाशा लावला.

"सोमवारी काम सुरू. उपसलेला गाळ बार्जमधून या चौकोनात टाकायचा. इथे वाळूच आहे. शेजारी हे वर्तुळ दिसतंय ना, तिथे जुन्या गलबताचे अवशेष आहेत. १९९६च्या सर्वेक्षणात तशी नोंद आहे. त्याला आम्ही हात लावणार नाही."

नंदूकाका तांडेल उभे राहिले. "मॅडम, सोमवार कित्याक? आजच टाका!" सगळे हसले.

उल्का हसली नाही. ती नकाशाकडे बघत होती. वर्तुळ चुकीच्या जागी होतं. थोडंसंच, उत्तरेला. आणि खरं कौलारू त्या गाळाच्या चौकोनाच्या पोटात होतं.

तिचा हात वर जायला लागला. मग वचन आठवलं. हात खाली आला.

ती पळत घरी गेली, वही उघडली. वर्तुळ आणि कौलारू यांत अंतर किती? नकाशाच्या मापाने दोनशे तीस मीटरच्या आसपास. असं विचित्र अंतर का? तिने देवळाचा कळस एका बिंदूने दाखवला, त्याच्यापुढे नव्वद मीटरवर माडांची रांग. माडांमध्ये पंचवीस-पंचवीस फूट, म्हणजे साडेसात मीटर. कळसापासून कौलारू दोन हजार सातशे नव्वद. कळसातून दोन रेघा काढल्या, एक सहाव्या माडातून, एक शेजारच्या पाचव्यातून. समरूप त्रिकोण! लहान त्रिकोणाच्या एकतीस पट मोठा. साडेसात गुणिले एकतीस, दोनशे साडेबत्तीस.

उल्का पेन्सिल खाली ठेवून बघतच राहिली. सरकारी नकाशातली चूक बरोबर एका माडाची होती.

"बाबा, १९९६मध्ये सर्वेक्षणवाल्यांना जागा कुणी दाखवली?"

बाबांनी ओटीकडे बघितलं. तिथे आजो सुपारी कातरत बसला होता.

*

"मी खोटा बोललंय?" आजो गरजला. उल्काने पाटीवर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून त्याच्यापुढे धरला होता. "शिरा पडो तेच्या तोंडार, कोण म्हणता ता? मी सायबाक बरोबर जागा दाखवलंय!"

"वाकडा माड?" तिने खाली लिहिलं.

"वाकडोच!"

बाबा उठून अंगणात गेले. उल्का मागोमाग.

"मॅडमांना सांगूया बाबा. त्या चांगल्या आहेत. चौकोन सरकवतील."

"सांगूया काय? थय देवचार, भूत असा म्हणान सांग. चौकोन सरकव म्हणा, कारण विचारू नको."

"बाबा!"

"मग काय सांगतलंस? सहावो माड? भर सभेत?" त्यांचा आवाज खाली गेला, आणि तेच जास्त लागलं. "जागा सांगली की गेली, उल्का. फाल्यां पन्नास होडये येतले. एक वरसात घोळ संपतली."

"आणि गाळ पडला तर सोमवारीच संपेल! मग काय करणार आपण? चिखलावर होडी उभी करून कळस बघत बसायचं?"

बाबा अंगणातलं जाळं गोळा करायला लागले. तिने स्वतःलाच विचारलं, मी त्यांचं न ऐकता सांगून टाकलं तर? सांगता आलं असतं. हर्षाताईंकडे मॅडमचा नंबर होता. कौलांमधला तो मिशीतुटका डोळ्यांपुढे आला. पण बाबांचा वाजणारा कपही आला. जे घर तीन पिढ्या एका माडावर उभं होतं, त्याचा माड आपण पाठीमागून तोडायचा? नाही जमलं तिला.

"बाबा, उद्या संध्याकाळी होडी काढाल? आजोला घेऊन. एकदाच. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं."

*

शुक्रवारी सूर्य हातभर वर असताना होडी कौलारूवर थांबली. आजोला कशाला आणलं ते कळलं नव्हतं, पण समुद्रावर आणलं म्हणून तो खुशीत होता. त्याने सवयीने आधी दोन्ही खुणा बघितल्या, मान डोलावली, वल्हं उचलून पाण्यात उभं धरलं आणि टोक दातांत घेतलं. डोळे मिटले. बराच वेळ तसाच बसला. मग त्याने वल्हं हळूच काढून मांडीवर ठेवलं.

"दात नाय रवले," तो म्हणाला. खोटे दात थरथर पोचवत नाहीत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

उल्काने टोपीचे आठ कान सुटे करून दोरीला बांधून खाली सोडले. टोपी आजोपुढे धरली.

"ह्या काय? मी काय न्हान पोर असंय, कानटोपी घालूक?"

"घाल रे बाबा," बाबा म्हणाले. अर्थात त्याला ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनीच ती त्याच्या टकलावर चढवली. उल्काने पट्टा लावला. आजोच्या कानाचे पडदे गेले होते, बुड्यांनी आणि वाहत्या कानांनी मिळून खाल्ले होते. पण वल्हं दातात धरणाऱ्या माणसाला पडद्याची गरज कधी होती? हाडं तर होती ना! टोपी तेच करत होती जे त्याने आयुष्यभर वल्ह्याने केलं होतं.

आजो आधी चिडल्यासारखा बसला. मग त्याची मान एका बाजूला कलली. तोंड उघडं राहिलं. हात हवेत आला आणि बोट खाली, किंचित डावीकडे वळलं.

"वाजता," तो कुजबुजला. "रूपेश, घोळ वाजता रे! थय एक... ता बघ, थय दुसरी... गो बाय माज्या, किती असत!" त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "अकरा वरसां झाली. माका वाटला, सगळी मेली. कोणी बोलताच नाय म्हणान वाटला."

सूर्य पाण्याला टेकत होता, ढोल वाढत होते. मग उल्काने पाटीवर नकाशा काढला. वर्तुळ, चौकोन, चौकोनाच्या आत कौलारू. चौकोनात लिहिलं, 'गाळ. सोमवार.'

आजोने तो बराच वेळ बघितला. आवाज ऐकत ऐकतच बघितला.

"सायब बरो होतो तो," अखेर तो म्हणाला. "गोरोपान, डोक्यार पांढरी टोपी. माका बिस्किटां दिल्यान. विचारल्यान, गलबत खय? मी म्हटलंय, पाचवो माड." त्याने नाक ओढलं. "मुद्दाम नाय रे. तोंडात येता तसाच. माका वाटला तेका कळतला. आमच्यात सगळ्यांका कळता, एक माड सरकवून घेवचो. तेणा तसोच लिवून घेतल्यान, मेल्यान!"

बाबा इतक्यात पहिल्यांदा हसले. हसता हसता त्यांनी टोपी आजोच्या डोक्यावरून काढली आणि स्वतः घातली. वीस वर्षं ते या जागेवर येत होते, आणि खाली काय आहे ते त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. उल्का त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. परत येताना ते सुकाणूवर बसले, आणि किनारा लागेपर्यंत टोपी डोक्यावरून काढलीच नाही.

*

शनिवारी काम सुरू होण्याआधीची शेवटची सभा होती. तिथे सोहनीमॅडमनी विचारलं, "सोमवारपूर्वी कुणाची काही हरकत?"

आजो काठी टेकत उभा राहिला. "नकाशार माजी सही असा," तो गरजला, कारण बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. "जागा चुकीची असा. मी चुकीची सांगलंय!"

सभेत कुजबुज उठली. सोहनीमॅडमनी फाइल चाळली. "अनंत बाबल मेतर, मच्छीमार. तुम्हीच का? आजोबा, चौकोन सरकवायला मला अर्धा दिवस पुरेल. पण मला नेमकी जागा हवी. लाकडाचं गलबत, लोखंड जवळजवळ नाही, पाणी गढूळ. असं शोधायला महिना जाईल. जागा द्या, उद्या कॅमेरा उतरवते."

सगळं गाव मेतरांकडे बघायला लागलं. खाजणदांड्यात भर सभेत खरी जागा आजवर कुणी सांगितली नव्हती. उल्काने बाबांकडे बघितलं. ते मांडीवर हात ठेवून बसले होते. बोटं एकमेकांत गुंतलेली. मग ती सुटली.

"उल्का, सांग," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "माड चुकवू नको."

ती माइकपाशी गेली. समोर दीडशे डोकी, मागच्या भिंतीशी तिचा अख्खा वर्ग. मागून कुणीतरी "उल्का पडली!" म्हणेल असं जुन्या सवयीने वाटलं, पण तिने हर्षाताईंचा पहिला नियम आठवला. श्वास कधी अडवायचा नाही. सोडला.

"वाकडा माड," ती म्हणाली. "उत्तरेकडून सहावा. त्याच्या शेंड्यावर वेताळाचा कळस. आणि खडपाच्या शेंडीमागे दीपगृह. अठरा मीटर."

दीडशे डोकी मनातल्या मनात माड मोजायला लागली. मग नंदूकाका ताडकन उठले.

"सहावो? रूपेश, मेल्या! वीस वरसां माका चवथो सांगीत इलंस!"

"तू माका सर्जाच्या खडपाची खय खरी सांगलंस?" बाबांनी बसल्याजागी विचारलं, आणि सभागृह फुटलं हसून. त्या हशातच उल्काने कानटोपीने टिपलेलं ध्वनिमुद्रण लावलं. ढोल ऐकू आले तसं एकेक हसू थांबत गेलं. म्हाताऱ्यांनी तर आवाज ओळखला. मागच्या रांगेतली एक आजी नवऱ्याच्या आठवणीने म्हणाली, "घोळीचो आवाज ह्यो, माजो घोव सांगी."

रविवारी कॅमेरा उतरला. पडद्यावर हिरवं धुकं, मग लाल कौलांचं टेकाड, आणि मधोमध एक मिशीतुटका शेवंड. सोमवारी पहिला बार्ज निघाला तो दोन किलोमीटर पलीकडच्या नव्या चौकोनाकडे. खाडीही मोकळी झाली, कौलारूही राहिलं. घोळ वाजते तोवर तिथे कुणी गळसुद्धा टाकायचा नाही, असं गावाने ठरवलं. ठराव नंदूकाकांनी मांडला. बाबांच्या त्या वर्षीच्या घोळी गेल्या, पण हर्षाताईंच्या डायव्हरांना कौलारूवर नेणारी होडी आता त्यांची होती. आजो पुढे बसायचा, टोपी घालून, आणि पाहुण्यांना बोटाने दाखवायचा कोण कुठे वाजतंय ते.

आणखी गंमत पुढेच. महिन्याभरात तीन घरांनी आपापल्या जागा हर्षाताईंकडे येऊन सांगितल्या. म्हणाले, आमच्याही खाली कोणी वाजतंय का ते बघा. दोन खऱ्या निघाल्या. तिसरी तपासली, ती एक माड चुकवून होती.

*

एप्रिलमध्ये दहावीचा शेवटचा पेपर देऊन उल्का तडक किनाऱ्यावर आली. घोळींचा वाजायचा हंगाम संपला होता, गळाची बंदी उठली होती. नंदूकाका होडी ढकलत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला.

"उल्का, आता खरा सांग. गलबत थय असा ता बघलंय, पण घोळ गावता ती जागा? सभेत किती माड चुकवलंस?"

"एकही नाही, काका. सहावाच. वेताळाशप्पथ."

काकांनी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू त्यांचं तोंड हसण्याने भरत गेलं.

"मेतरांचा चेडू ता!" ते कौतुकाने म्हणाले, आणि होडीत चढले.

अर्ध्या तासाने उल्का अठरा मीटरवर होती. कानटोपीत समुद्र तडतडत होता. रांगेतली कौलं जागच्या जागी, मिशीतुटका त्याच्या फटीत. सुट्या कौलावरचा शिक्का अजून वर तोंड करून बसला होता. तेवढ्यात पाण्यात खळ्ळकन साखळी सुटल्याचा आवाज झाला, आणि मग धप्प. कुणीतरी नांगर टाकला होता. उल्काने मान वळवली. उत्तरेकडून आला होता आवाज. लांबून. किती लांबून, हे आता तिला मोजावं लागत नव्हतं.

ती रेग्युलेटरमध्ये इतकी हसली की मास्कमध्ये पाणी शिरलं. हर्षाताईंनी पोहत येऊन अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, ठीक ना? उल्काने मास्कमधलं पाणी फुंकून काढलं आणि उत्तरेला बोट दाखवलं. तिकडे, दोनशे साडेबत्तीस मीटरवर, रिकाम्या वाळूत गळ सोडून नंदूकाका घोळीची वाट बघत बसले होते. एक माड चुकवून.